कोरा माणूस

—अहो नाही, परीक्षा तुमची नाहीच मुळी. बसा ना नीट, खुर्ची जरा मागे घ्या, पुढे ओढली की ती करकरते. परीक्षा आहे ती ह्या कागदांची. तुम्ही फक्त वाचायचं आणि बोट ठेवायचं, बास — आणि चुकलात तर नापास कागद, तुम्ही नाही! अशी परीक्षा जन्मात कधी मिळाली होती का तुम्हाला? चष्मा आणलाय ना? छान. दुकान कसलं म्हणालात खाली — किल्ल्यांचं? कोपऱ्यावरचं? अगं बाई, म्हणजे ह्या कपाटाची किल्ली तुम्हीच करून दिलेली असणार, ती आधी उलटी घालून मग सुलटी घातल्याशिवाय फिरत नाही — असो, असो, तक्रार नाही करत काका. तुमच्यासारखाच माणूस लागतो आम्हाला. कोरा. रागावू नका हं, आमच्याकडे तसंच म्हणतात, कोरा माणूस. ज्याला आमच्या कामातलं ओ की ठो कळत नाही असा. शिकलेला चालतो, न शिकलेला चालतो, फक्त कागदांबद्दल आधी काही कानावर पडलेलं नको. पडलं की बाटला. मग त्याने बोट बरोबर ठेवू दे नाहीतर चूक, उत्तर बाद. त्यामुळे खरं तर मी तुमच्याशी फार बोलायलाच नको.

पण एवढं सांगावं लागतं, हे सगळ्यांनाच सांगते. आमची कंपनी आजारी माणसांच्या घरी ऑक्सिजनची मशीनं भाड्याने देते. बरोबर, ती चाकांवरची, घरघर करणारी. तर लोकांचे मेसेज येतात — माणूस पाठवा, नळी बदला, आम्ही घर बदललं — पूर्वी ह्याला मुली बसायच्या, आता एजंट बसतो. अहो दाराकडे काय बघताय, एजंट म्हणजे माणूस नाही! संगणकातला. हुशार असतो हं, चांगलाच हुशार, मेसेज कसाही वेडावाकडा लिहा, त्याला अर्थ लागतो. पण हात नाहीत त्याला. हात म्हणजे टूल्स, ती आम्ही देतो. एक टूल माणूस पाठवायचं, एक पत्ता बदलायचं, असं. आणि प्रत्येक टूलला आम्ही एक वर्णन जोडतो, चार-सहा ओळींचं. टूलच्या आत काय आहे ते एजंटला दिसत नाही, तो वर्णन वाचतो आणि त्यावरून ठरवतो की हे उचलू का ते उचलू. म्हणजे बघा, तुमच्या दुकानात उद्या नवीन माणूस ठेवलात, आणि प्रत्येक किल्लीच्या चिठ्ठीवर तुम्ही नुसतं ‘दार’ लिहून ठेवलंय. कुठलं दार? समोरचं, मागचं, शेजाऱ्याचं? तो बिचारा काय करणार, उचलेल एक आणि देईल. इथेही तसंच.

तर मी ती वर्णनं तपासते. वर्षानुवर्षं हेच करते आहे — आधी लिहायचे, आता तपासते. लिहायचे ते वरच्या मजल्यावर, खिडकीपाशी. आता ही खोली. खिडकी नाही, पण झेरॉक्स मशीन आहे, थंडीत उबदार वाटतं. हसताय? हसा. तर काय सांगत होते — वाईट वर्णन मला पहिल्या ओळीत कळतं. टूल काय करतं ते सगळेच लिहितात हो, त्यात काय मोठंसं. घरमालक नाही का सांगत, खोली हवेशीर आहे म्हणून — हवेशीर म्हणजे खिडकीला काच नाही, ते राहायला गेल्यावर कळतं! तसे असतात हे लिहिणारे. हे टूल कधी वापरायचं नाही, ते लिहिणार नाहीत. शेजारचं टूल दिसायला असंच आहे पण काम भलतंच करतं, ते लिहिणार नाहीत. आणि एकदा केलं की परत फिरवता येत नाही, हे तर मुळीच लिहिणार नाहीत, कारण मग कागद लांब होतो ना! लांब कागद कोणाला आवडत नाही. आणि का आवडत नाही? तर लांब कागद लिहिणारा माणूस मठ्ठ वाटतो आणि आखूड लिहिणारा हुशार वाटतो. सगळं त्यात आलं.

हं. तर हे तीन कागद. नावं काढून टाकलीयत, वर्णनं तेवढी ठेवलीयत. वाचा सावकाश. मी मेसेज वाचून दाखवते, खरा आलेला मेसेज आहे हा — ‘ह्या आठवड्यात घरी पाहुणे येणार आहेत, तुमचा माणूस पाठवू नका, तूर्त बंद ठेवा.’ ह्याच्यासाठी तीनपैकी कुठलं टूल उचलाल ते — थांबा थांबा, बोट एवढ्यात नको! वाचा आधी सगळं. मधला वाचलात? पुन्हा वाचा. घाई कसली आहे, दुकानाला कुलूप लावूनच आलात ना?

कसा वाटला मधला? नाही, सांगू नका, नियमात बसत नाही. लिहिणाऱ्याचं नावही आता नसतं ह्यावर, तोही नियम आहे, तपासणाऱ्याला कळू नये कोणाचं आहे ते. पण हात ओळखू येतो हो काका. तुम्हाला नाही का ओळखता येत, दुसऱ्याने घासलेली किल्ली? बघा ना ही वाक्यं. आखूड. एक श्वास, एक वाक्य. असं आमच्याकडे एकच जण लिहितो. कात्री. आम्हीच पाडलं होतं नाव — पाडलं होतं म्हणजे मीच पाडलं, कौतुकाने, माझ्या शेजारच्या टेबलावर बसायचा, माझ्याकडून शिकला. मी लिहायचे आणि तो म्हणायचा ताई, ह्यातले दोन शब्द काढू? आणि काढायचा, आणि खरंच बरं व्हायचं. खोटं कशाला बोलू, बरं व्हायचं. घरी सुद्धा यायचा. माझा नवरा त्याला म्हणायचा, हिच्या बोलण्यातलेही थोडे कापत जा रे. जेवायला बसलो की आम्ही तिघं नुसते हसत असायचो. आता त्याच्या नावापुढे साहेब लागलंय. कात्रीसाहेब.

हे मी तुम्हाला का सांगतेय — जाऊ दे. नाही, ऐका आता, ऐकलंत एवढं तर पुढचंही ऐका. मधला कागद आहे ना, तो सेवा बंद करायच्या टूलचा. कायमची बंद. हे टूल चाललं की गाडी जाते आणि मशीन उचलून आणते. पहिला कागद आहे तो थोडे दिवस भेट थांबवायच्या टूलचा, मशीन घरातच राहतं. दोन्हीत बंद, दोन्हीत थांबवा — दिसायला जुळी भावंडं. म्हणून मी जेव्हा मधल्याचं वर्णन लिहिलं होतं, फार पूर्वी, तेव्हा शेवटी एक वाक्य घातलं होतं — काही दिवसांपुरतं थांबवायचं असेल तर हे टूल वापरू नका, ह्याने मशीन घरातून उचललं जातं आणि रुग्ण मशीनवाचून राहतो. लांब आहे, माहितीये मला. आणि कात्रीने ते कापलं. मला न विचारता, मी रजेवर होते तेव्हा, मोठ्या साहेबांनी म्हटलं होतं सगळी वर्णनं आटोपशीर करा, तर ह्याने एका दुपारीत आटोपशीर केली. शाबासकी घेतली. आणि मी परत आले, मला सांगितलंही नाही. वर्णनाखाली तेव्हा नाव असायचं, ते माझंच राहिलं.

मग हा मेसेज आला. हाच, आत्ता वाचला तो. एका मुलीचा, तिचे वडील मशीनवर. पाहुणे येणार होते म्हणून तिने लिहिलं, तूर्त बंद ठेवा. एजंटने मधलं उचललं. का नाही उचलणार! मेसेजमध्ये बंद, वर्णनात बंद, मध्ये आडवं यायला काही नाही. दुसऱ्या दिवशी गाडी गेली. मुलगी कामावर, पाहुणे यायचे होते, घरात म्हातारे आणि त्यांची बायको, तिला ऐकू कमी येतं — तिला वाटलं जुनं मशीन नेतायत, नवं आणून देतील. पाणी दिलं तिने त्या माणसांना. दार उघडून धरलं. संध्याकाळी मुलगी घरी आली ती थेट वडलांना घेऊन दवाखान्यात. जगले. जगले म्हणजे — आता बोलत नाहीत. मुलगी समोर आली की नर्सकडे बघावं तसं बघतात. मी गेले होते एकदा बघायला. दाराबाहेरूनच परत आले.

आणि मग ती मुलगी ऑफिसात आली. मोठ्या खोलीत सगळे बसलेले, साहेब, वकील, मी, कात्री. तिने आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं हो. तिने एवढंच विचारलं, हे कोणी लिहिलं? साहेबांनी माझ्याकडे बोट केलं. आणि मी कात्रीकडे बघितलं. माझ्या समोरच बसला होता, हातभर अंतरावर. पेनाचं टोपण काढत होता, लावत होता, काढत होता, लावत होता. एवढंच बोलायला हवं होतं त्याने. ताईंनी लिहिलं होतं, मी कापलं. बास, ह्यात काही कापण्यासारखंही नाही! मूग गिळून बसला. ती मुलगी माझ्याकडे बघत होती, आणि मी — आता मीच तोंडाने कसं म्हणणार, माझं नाही त्याचं म्हणून? त्या मुलीसमोर? मी तोंड उघडलं असतं तर ते सारवासारव केल्यासारखं दिसलं असतं. सगळं खापर माझ्या डोक्यावर. पुढच्या आठवड्यात मी ह्या खोलीत. नवरा म्हणतो सोड आता, काम तेच आहे, पगार तोच आहे. त्याला काय जातंय सोड म्हणायला! ती मुलगी आजही झोपताना माझा चेहरा आठवत असेल. त्याचा नाही. माझा.

हो, सांगते की, ही परीक्षा कशी सुरू झाली ते. नंतर मीच साहेबांना म्हटलं, यापुढे वर्णनातला एक शब्दही बदलायचा असेल तर आधी कोऱ्या माणसांकडून वाचून घ्या. लागोपाठ तिघांनी बरोबर बोट ठेवलं तर पास, त्यातला एक जरी बाद झाला तरी पुन्हा पहिल्यापासून. नियम माझा. साहेबांना आवडला, म्हणाले, तुम्हीच बघा मग हे. म्हणून आता कोणीही काहीही लिहू दे, ह्या खोलीतून गेल्याशिवाय बाहेर पडत नाही. कात्रीसाहेबांचं सुद्धा! काय गंमत आहे बघा. मोठे साहेब निवृत्त होतायत, त्यांच्या खुर्चीवर ह्याचा डोळा, आणि त्याआधी ह्याला हे टूल नीट करून दाखवायचंय — जुना डाग पुसून. लिहिलं, पाठवलं खाली. आणि आलं कोणाच्या टेबलावर?

वाचलं मी. शेवटचं वाक्य बघा काका. शेवटचं, मधल्या कागदाचं, वाचा मोठ्याने. — हं. शब्दन् शब्द माझं. लांबच्या लांब, एक स्वल्पविरामसुद्धा हलवलेला नाही. म्हणजे ठेवलं होतं त्याने कुठेतरी! एवढी वर्षं जपून ठेवलं, आणि आता मुकाट्याने परत चिकटवलं. मला एका शब्दाने बोलायला नको? एकदा आला होता दाराशी, ह्याच, तुम्ही बसलायत त्याच्या मागच्या दाराशी. ताई म्हणाला. मी म्हटलं कामाचं असेल तर बोला. आल्या पावली परत गेला. मला त्याने इथे येऊन सांगायला नको आहे, झेरॉक्स मशीनला ऐकवायला! त्या मोठ्या खोलीत सांगायचं होतं. त्या मुलीसमोर.

ठेवा आता बोट. ठेवा. — पहिल्यावर? पक्कं? विचार करून सांगा, मेसेजमध्ये ‘बंद’ लिहिलंय हं. मधल्यात पण बंदच आहे. — तरी पहिल्यावरच. बरोबर आहे. बरोबरच आहे हो. सगळे तिथेच ठेवतात! पहारेकरी आला, त्याने तिथेच ठेवलं. टपाल घेऊन येणारी आली, तिने तिथेच. एक आजोबा आले, त्यांना धड दिसत नव्हतं, मी वाचून दाखवलं, मुद्दाम गडबडीने वाचलं, शेवटचं वाक्य तर पुटपुटलेच — तिथेच! एकालाही चुकता येईना. इतकं चांगलं लिहिलंय मेल्याने. मी आयुष्यात तपासलेलं सगळ्यात चांगलं वर्णन आहे ते, आणि त्यातलं सगळ्यात चांगलं वाक्य माझं आहे.

पण तुमचं उत्तर बाद. — बाद म्हणजे बाद. तुम्ही बाटलात ना. कधी म्हणजे? आत्ता! मी इतका वेळ काय वेळ जात नाही म्हणून बोलत होते? कुठला कागद कसला, कोणी लिहिलाय, कुठलं वाक्य महत्त्वाचं, सगळं कानावर पडलं तुमच्या. आता मी इथे लिहिणार, वाचणाऱ्याला आधीच माहिती होती. आणि ते खरंच आहे, खोटं एक अक्षर लिहीत नाही मी. पुन्हा पहिल्यापासून. पहारेकरीही बाटला, टपालवालीही बाटली, आजोबाही बाटले. तुम्हाला वाईट वाटून घ्यायचं कारण नाही, चहा मिळेल बाहेर. आणि वर कात्रीसाहेब बसलेत वाट बघत. रोज जिना उतरून येतात, दाराच्या काचेतून बघतात, झालं का? नाही झालं. मी मान हलवते. नाही झालं. तो चेहरा बघण्यासाठी मी सकाळी वेळेवर येते हो, अगदी खरं सांगते. पूर्वी कधी वेळेवर आले नाही.

काय? — काय म्हणालात? तोपर्यंत कुठलं चालू आहे म्हणजे?

म्हणजे — जुनंच. दुसरं कुठलं असणार, नवं पास होईपर्यंत जुनंच चालतं. हो, कापलेलं. तेच, हो. पण तसं नाही काका, आम्ही काय वेडे आहोत का, तेव्हाच सोय केली होती, गाडी निघायच्या आधी एक बाई घरी फोन करून विचारते, खरंच उचलायचं ना म्हणून. सगळ्यांना विचारते. — आता? आता ती बाळंतपणाच्या रजेवर आहे. बदली माणूस दिला नाही, म्हणाले नवं वर्णन येतंयच आज-उद्या, कशाला हवा. — हो, आज-उद्या म्हणाले होते. बरेच दिवस झाले त्याला. पण फोन होतात. होतात फोन! तोच करतो. कात्री. जेवणाच्या सुट्टीत डबा न उघडता फोन लावत बसतो असं वरची मुलगी सांगत होती, संध्याकाळीही थांबतो. वाळलाय म्हणे. एकेक नंबर चार-चारदा लावतो म्हणे. बरं झालं! लावू दे. गाडी निघायची वेळ झाली आणि घरच्यांनी फोन उचलला नाही की काय वाटतं ते कळू दे त्याला. मी ते रोज घेऊन झोपते, त्याने थोडे दिवस झोपावं.

सगळ्यांना लागतात का फोन? मला काय माहीत. लागत असतील. नसतील एखाद्याला. — तुम्ही मला असं बघू नका. त्या मुलीसारखं बघू नका, मी काय केलं? मी कापलं का? मी तर लिहिलं होतं! घरांचं काय म्हणजे? कुठली घरं? घरांचं त्याने बघायचं, कापलं त्याने, त्याने एकदा त्या खोलीत उभं राहून म्हणावं, मी दुपारपर्यंत पास करून देते. इतकं सोपं आहे. त्याच्या हातात आहे सगळं. — नाही, माझ्या नाही. त्याच्या.

आणि तुम्हाला कोणी विचारलं? बोट ठेवायला बोलावलं होतं तुम्हाला, प्रश्न विचारायला नाही. उचला ते बोट आधी. उचला म्हणते ना. किती वेळ ठेवून बसणार आहात, उत्तर बाद झालंय, सांगितलं एकदा. नाही, मी परत विचार करणार नाही. द्या तो कागद इकडे, चुरगळतोय. झाली तुमची मदत, खूप झाली. दुकान उघडायचं असेल तुम्हाला, निघा. आणि हे पाहा, बाहेर बाकावर एक बाई बसल्या आहेत, निळ्या पिशवीवाल्या, त्यांना आत पाठवा. त्यांच्याशी काही बोलू नका हं जाताना, एक अक्षर बोलू नका. मला त्या कोऱ्याच हव्यात.